तैवानमध्ये नोकरी घ्यावी का? अमेरिकेच्या भरवशाबद्दल सविस्तर उत्तर

पुण्यातली नोकरी सोडून पत्नी आणि लहान मुलीसह तैवानच्या चिप उद्योगाचे केंद्र असलेल्या शिन्चूला यावे की नाही, चीनने हल्ला केला तर अमेरिका खरोखर मदतीला धावेल का, आणि साताऱ्याला असलेल्या आईवडिलांची समजूत कशी घालावी, असे तीन प्रश्न तुम्ही विचारले आहेत. शिन्चूच्या सायन्स पार्कमध्ये मी बरीच वर्षे काम करतो आणि माझी मुले इथल्याच शाळेत शिकतात, त्यामुळे हे प्रश्न माझ्याही घरातले आहेत. उत्तर लांबणार आहे. ‘अमेरिका येणारच’ किंवा ‘अमेरिका येत नसते’ असे एका वाक्यात सांगणारे लोक तुम्हाला पुष्कळ भेटले असतील, पण अशा वाक्यावर कोणी आपले बिऱ्हाड हलवू नये असे मला मनापासून वाटते.

अमेरिका युद्धात उतरेल की नाही, हे अमेरिकेने जाणूनबुजून अनुत्तरित ठेवले आहे. चीनला हल्ला करण्याचे धाडस होऊ नये आणि तैवानला स्वातंत्र्याची औपचारिक घोषणा करण्याचा मोह होऊ नये, असा त्यामागचा दुहेरी हेतू आहे. म्हणजे ज्या प्रश्नाचे उत्तर तुम्ही माझ्याकडे मागत आहात, त्याचे उत्तर कोणालाच मिळू नये यावरच हे धोरण उभे आहे. ते कसे घडले हे माहीत असेल तर त्यावर किती विसंबायचे याचा अंदाज तुमचा तुम्हालाच बांधता येईल.

तुमच्या वडिलांना ‘सातवे आरमार’ म्हटल्याबरोबर डिसेंबर १९७१ आठवेल. बांगलादेश युद्धात भारतावर दबाव आणण्यासाठी बंगालच्या उपसागराकडे निघालेल्या युद्धनौका अमेरिकी नौदलाच्या याच आरमाराच्या होत्या. हेच आरमार जून १९५० मध्ये, कोरियात युद्ध पेटताच, राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी तैवानच्या सामुद्रधुनीत धाडले होते. चिनी यादवी युद्धात हरलेले चँग कै-शेक यांचे सरकार आदल्याच वर्षी या बेटावर आले होते, आणि आरमार आडवे आले नसते तर ते फार काळ टिकले नसते. पुढे १९५४ मध्ये अमेरिका आणि तैवान यांच्यात संरक्षण करार झाला. परंतु जुलै १९७१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार किसिंजर पाकिस्तानमार्गे गुपचूप बीजिंगला जाऊन आले, फेब्रुवारी १९७२ मध्ये खुद्द राष्ट्राध्यक्ष निक्सन गेले, आणि १ जानेवारी १९७९ रोजी अमेरिकेने बीजिंगच्या सरकारला मान्यता देऊन तैपेईशी असलेले राजनैतिक संबंध तोडले. वर्षभराची नोटीस देऊन संरक्षण करारही संपवण्यात आला. सोव्हिएत संघाला शह देण्यासाठी तेव्हा अमेरिकेला चीन हवा होता. १९७१ मध्ये अमेरिका पाकिस्तानच्या पाठीशी का उभी राहिली, याचेही एक मोठे कारण किसिंजर यांच्या त्या गुप्त दौऱ्यात सापडते. आपल्याकडच्या लोकांनी तैवानचा विचार करताना हे विसरू नये, कारण एकाच डावात तेव्हा तैवान आणि भारत या दोघांनाही किंमत मोजावी लागली होती.

मात्र तैवानला पुरते वाऱ्यावर सोडणे अमेरिकी काँग्रेसला मान्य नव्हते. एप्रिल १९७९ मध्ये तिने जो तैवान संबंध कायदा केला, तो आजही या साऱ्या धोरणाचा पाया आहे. तैवानला स्वसंरक्षणासाठी लागणारी शस्त्रे पुरवावीत, बळजबरीचा प्रतिकार करण्याची क्षमता अमेरिकेने स्वतःकडे राखावी, आणि शांततेखेरीज अन्य मार्गाने, अगदी बहिष्काराने किंवा व्यापारबंदीने, तैवानचे भवितव्य ठरवण्याचा प्रयत्न झाला तर ती गंभीर चिंतेची बाब मानावी, असे हा कायदा सांगतो. सैन्य पाठवण्याचे बंधन त्यात कुठेही नाही. नोकरीच्या करारावर सह्या करण्यापूर्वी हा कायदा एकदा मुळातून वाचा. फार मोठा नाही, आणि तुमच्या प्रश्नावर त्याच्याइतका थेट दस्तऐवज दुसरा नाही.

या मोघमपणामुळे आजवर शांतता टिकली, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. मार्च १९९६ मध्ये तैवानच्या पहिल्या थेट अध्यक्षीय निवडणुकीच्या तोंडावर चीनने बेटाजवळच्या समुद्रात क्षेपणास्त्रे डागली, तेव्हा क्लिंटन यांनी ‘इंडिपेंडन्स’ आणि ‘निमिट्झ’ या दोन विमानवाहू नौकांचे ताफे या भागात पाठवले. निवडणूक पार पडली आणि प्रकरण निवळले. पण तो अपमान बीजिंगने विसरला नाही. अमेरिकेच्या विमानवाहू नौकांना दूर रोखता येईल अशी क्षेपणास्त्रे, पाणबुड्या आणि जहाजे यांवर चीनने पुढची वर्षे पैसा ओतला, आणि आज जहाजांच्या संख्येत त्याचे नौदल अमेरिकेच्या पुढे गेले आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या तेव्हाच्या सभापती नॅन्सी पेलोसी तैपेईला येऊन गेल्यावर चीनने बेटाभोवती मोठा लष्करी सराव केला आणि त्यातली काही क्षेपणास्त्रे थेट तैवानवरून गेली. तेव्हापासून सामुद्रधुनीची मध्यरेषा, म्हणजे दोन्ही बाजूंमधली अलिखित सीमा, चिनी विमाने सर्रास ओलांडतात. मे आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि पुन्हा एप्रिल २०२५ मध्ये तसेच वेढा घालणारे सराव झाले. १९९६ मध्ये दोन ताफे पाठवून जे साधले, ते आज तेवढ्याने साधणार नाही. अमेरिकी सेनापतींनाही हे ठाऊक आहे.

म्हणूनच वॉशिंग्टनमध्ये पक्ष बदलले तरी दिशा बदललेली दिसत नाही. ओबामांनी २०११ मध्ये आशियाकडे लक्ष वळवण्याची घोषणा केली, ट्रम्प यांच्या २०१७ च्या सुरक्षा धोरणाने चीनला उघडपणे प्रतिस्पर्धी म्हटले, बायडन यांच्या काळात ऑस्ट्रेलियाला अणुशक्तीवर चालणाऱ्या पाणबुड्या देण्याचे ठरले आणि २०२३ मध्ये फिलिपिन्सने आणखी ४ तळ अमेरिकी सैन्याला वापरायला दिले, त्यांपैकी ३ तैवानच्या बाजूला असलेल्या लुझोन बेटावर आहेत. बदलतो तो सूर. तैवानसाठी अमेरिका लढेल, असे बायडन ४ वेळा बोलून गेले आणि दर वेळी व्हाइट हाउसने धोरण बदललेले नाही असा खुलासा केला. ट्रम्प यांनी २०२४ मध्ये, तैवानने संरक्षणाचे पैसे मोजावेत, असे म्हटले. शस्त्रांचेच पाहा. २०१९ मध्ये मंजूर झालेल्या ६६ नव्या एफ-१६ विमानांपैकी पहिले विमान तैवानच्या हवाली व्हायला मार्च २०२५ उजाडला. मी स्वतः भाषणांपेक्षा या वेळापत्रकाला जास्त महत्त्व देतो.

इथे राहताना हे सारे कसे जाणवते, तेही सांगतो. शिन्चू सामुद्रधुनीच्या बाजूला, पश्चिम किनाऱ्यावर आहे आणि शहराला लागूनच हवाई दलाचा तळ आहे. आपल्या हवाई दलाकडे आहेत तशीच मिराज २००० विमाने तिथून उडतात आणि कामाच्या दिवशी त्यांचा आवाज बैठकीतही ऐकू येतो. दर वर्षी हवाई हल्ल्याची रंगीत तालीम होते. मोबाइल एकाच वेळी कर्कश वाजू लागतात, भोंगा होतो, वाहने रस्त्याच्या कडेला थांबतात आणि लोकांना अर्धा तास घरात किंवा तळघरात थांबावे लागते. मोठ्या इमारतींच्या दाराशी पिवळी पाटी असते, तिच्यावर खालच्या निवाऱ्यात किती माणसे मावतात तो आकडा लिहिलेला असतो. माझ्या सोसायटीत हा निवारा म्हणजे गाड्यांचे तळघरच आहे. २०२४ पासून मुलांची सक्तीची लष्करी सेवा ४ महिन्यांवरून १ वर्षावर गेली, त्यामुळे सहकाऱ्यांच्या घरी हा विषय जेवणाच्या टेबलावर आला आहे. तरीही भीतीच्या छायेत जगणारा समाज तुम्हाला इथे दिसणार नाही. रात्री उशिरा पत्नी एकटी घरी येऊ शकते, आरोग्य विमा उत्तम आहे आणि माणसे मदतीला तत्पर आहेत.

आता तुमच्या प्रश्नात नसलेल्या, पण माझ्या मते सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येतो. अमेरिकेचे चीनविषयक धोरण तुमच्या आयुष्याला शिवेल ते बहुधा युद्धनौकांच्या रूपाने नव्हे. व्यापार खात्याच्या नियमांच्या रूपाने शिवेल, आणि ते नियम आजच लागू आहेत. मे २०२० मध्ये हुवावे या चिनी दूरसंचार कंपनीवरचे निर्बंध कडक झाले आणि टीएसएमसी या तैवानच्या चिप बनवणाऱ्या कंपनीला आपल्या सर्वांत मोठ्या ग्राहकांपैकी एकाच्या नव्या ऑर्डरी घेणे थांबवावे लागले. त्याच वर्षी सप्टेंबरपर्यंत माल जाणेही बंद झाले. ७ ऑक्टोबर २०२२ च्या नियमांनी तर माणसांनाच हात घातला. अमेरिकी नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असलेल्या इंजिनिअरने चीनमधल्या प्रगत चिप कारखान्याला परवान्याशिवाय साह्य करू नये, असे ठरले आणि तिथे काम करणाऱ्या अनेकांना थोडक्या दिवसांत नोकरी किंवा कागदपत्रे यांपैकी एकाची निवड करावी लागली. तुम्ही प्रोसेस इंजिनिअर आहात. पुढे कधी अमेरिकेला जाऊन ग्रीन कार्ड घेण्याचा विचार असेल, तर त्या दिवसापासून चीनमधला हा दरवाजा तुमच्यासाठी बंद होतो, हे आताच समजून असा. उलट बाजूने, चीनमधल्या कंपन्या तैवानच्या इंजिनिअरांना भरघोस पगार देऊ करतात आणि इथल्या सरकारची अशा भरतीवर करडी नजर असते. असा प्रस्ताव आला तर वकिलाला दाखवल्याशिवाय होकार देऊ नका.

हे नियम स्थिर नाहीत, याचा त्रास अधिक होतो. एनव्हिडिया या अमेरिकी कंपनीच्या एच२० या एआय चिपची चीनला होणारी विक्री एप्रिल २०२५ मध्ये अडवली गेली आणि जुलैत पुन्हा मोकळी करण्याचे ठरले. तैवानच्या मालावर त्याच एप्रिलमध्ये ३२ टक्के आयातशुल्क जाहीर झाले आणि ऑगस्टमध्ये ते २० टक्क्यांवर आले. त्याच महिन्यात भारतीय मालावरचे शुल्क ५० टक्क्यांपर्यंत पोहोचले. चीनला तोल म्हणून अमेरिकेने ज्या भारताशी २० वर्षे खपून संरक्षण करार केले, त्याच भारताशी ती असे वागली, हे मला अजून पचलेले नाही. असा निर्णय झाला की इथल्या कारखान्यात त्याचे पडसाद लगेच उमटतात. ग्राहक मागणी पुढेमागे करतात, एखादा प्रकल्प थांबतो आणि अख्खा विभाग दुसरीकडे वळवला जातो.

ॲरिझोनाचाही उल्लेख करायला हवा. २०२० मध्ये १२०० कोटी डॉलरचा म्हणून जाहीर झालेला टीएसएमसीचा तिथला प्रकल्प मार्च २०२५ मध्ये १६,५०० कोटी डॉलरपर्यंत वाढवण्यात आला. जगातल्या अतिप्रगत चिप बहुतांशी तैवानमध्ये तयार होतात म्हणून जग तैवानला एकटे पडू देणार नाही, अशी इथे अनेकांची धारणा आहे, आणि कारखाने परदेशी गेले तर हे कवच पातळ होईल अशी काळजीही आहे. मला ती काळजी रास्त वाटते, पण नजीकच्या काळापुरती नाही, कारण नव्या पिढीचे तंत्र अजूनही आधी इथेच बसवले जाते आणि त्यासाठी लागणारे पुरवठादार, दुरुस्ती करणारे आणि अनुभवी हात इथेच एकवटलेले आहेत.

युद्धापेक्षा नाकेबंदीची शक्यता मी अधिक धरतो. तैवान आपल्या ऊर्जेपैकी सुमारे ९७ टक्के आयात करतो, द्रवरूप नैसर्गिक वायूचा साठा साधारण ११ दिवसांचा असतो आणि मे २०२५ मध्ये शेवटची अणुभट्टीही बंद झाली. शिवाय हे बेट आहे. युक्रेनमधून २०२२ मध्ये आपले हजारो विद्यार्थी पोलंड, हंगेरी, रुमानियाच्या सीमा ओलांडून बाहेर पडले. इथे तशी सीमाच नाही. भारताचा दूतावासही नाही. तैपेईत १९९५ पासून इंडिया-तैपेई असोसिएशन हे कार्यालय ते काम पाहते. आल्याबरोबर तिथे तिघांचीही नोंदणी करा, मुलीचा पासपोर्ट संपत येईपर्यंत थांबू नका आणि सहा महिने पुरतील एवढे पैसे भारतातल्या खात्यात राहू द्या. तणाव वाढताना दिसला, तर विमाने चालू असतानाच पत्नी आणि मुलीला साताऱ्याला पाठवायचे, हे दोघांनी आधीच ठरवून ठेवावे. आमच्या घरी ते ठरलेले आहे.

आईवडिलांना खोटा धीर देऊ नका. धोका आहे, तो वर्षानुवर्षे आहे आणि २.३ कोटी माणसे तो ओळखून आपापली कामे करत आहेत, एवढे खरे त्यांना सांगा. मुंबईतही तैवानचे कार्यालय ऑक्टोबर २०२४ पासून सुरू आहे. चीनने त्यावर भारताकडे निषेध नोंदवला, तरी ते चालू आहे. वडिलांना शक्य असेल तर कागदपत्रांच्या कामासाठी जाताना त्यांना सोबत न्या.

माझे मत विचाराल तर या, पण तीन ते पाच वर्षांच्या हिशेबाने या. या काळात इथे जे शिकायला मिळेल ते गुजरातमधल्या धोलेऱ्याचा चिप कारखाना उभा राहील तेव्हा भारतातही उपयोगी पडेल. सही करण्यापूर्वी कंपनीला लेखी विचारा की नोकरी सोडल्यावर किती काळ प्रतिस्पर्ध्याकडे जाता येणार नाही, ॲरिझोनाला बदली झाली तर कुटुंबाचा व्हिसा आणि मुलीची शाळा कोण पाहील, आणि आणीबाणीत परदेशी कर्मचाऱ्यांना बाहेर काढण्याची कंपनीची योजना काय आहे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक मनुष्यबळ विभागाकडे तयार नसेल. तरीही ते मिळेपर्यंत सही लांबवा.