मनालीहून आणलेल्या देवदारच्या बिया फ्रिजमध्ये ठेवल्या तर पुण्यात जास्त उगवतील का? किती दिवस ठेवाव्यात?

नुसत्या फ्रिजमध्ये ठेवून उगवण वाढत नाही. कोरडं बी गारव्यात फक्त टिकतं. उगवण सुधारते ती ओलसर बी गारव्यात राहिलं तर. ही दोन वेगळी कामं आहेत आणि शिकलेली माणसंही त्यांची गल्लत करतात.

मी काही वर्षं कुल्लूकडे एका खासगी रोपवाटिकेत नोकरीला होतो. तिथले मालक देवदारचं बी पत्र्याच्या छपरावर कडक उन्हात वाळवायचे आणि गोणीत भरून स्वयंपाकघराच्या माळ्यावर ठेवायचे, चुलीच्या उबेला. पेरलं की अर्धे वाफे मोकळे. मग ठरलेलं वाक्य: "इस साल बीज ही खराब था."

बी खराब नव्हतं. ज्यात बी असतं ते शंकू झाडावर विस्कटायच्या आत, ऑक्टोबरात, माणसं चढवून उतरवलेले असायचे. मी स्वतः बी ब्लेडने उभं कापून बघायचो. आतला गर पांढरा, भरलेला. देवदारच्या बीत तेल भरपूर, ते उबेत खवट होतं आणि बी मरतं. त्यात बीला चिकटलेले पातळ पंख काढायला मालक गोणीवर काठ्या हाणायचे. बीच्या सालीत राळेच्या बारीक पिशव्या असतात, त्या फुटल्या की उगवण घटते. पंख हाताने हलकेच चोळले तरी निघतात! हे सांगितलं तर म्हणायचे, आम्ही डोंगरातली माणसं, तू आम्हाला देवदार शिकवणार?

शेवटी त्याच ढिगातलं थोडं बी मी मागून घेतलं. सावलीत सुकवून, बरणीत घट्ट बंद करून गार खोलीत ठेवलं, पेरणीआधी ओल्या वाळूत घातलं. माझा वाफा गच्च उगवला, आणि सगळा एकदम. मालक म्हणाले, तुझ्या वाफ्याला ऊन जास्त मिळालं. दोन्ही वाफे शेजारी शेजारी होते.

तुम्ही असं करा: बी रात्रभर भिजवा, मग ओलसर वाळूत मिसळून ३ ते ५ अंशांवर दोन ते तीन आठवडे ठेवा. वाळू मुठीत दाबली तर पाणी गळता कामा नये. मधूनमधून उघडून बघा. पांढरं मूळ दिसलं की दिवस मोजत बसू नका, पेरा. ओलं बी फ्रीझरमध्ये घालू नका. तरंगलं म्हणून लगेच फेकूही नका, भरलेलं कोरडं बीही सुरुवातीला तरंगतं. वाफ्यात पाणी साचलं तर रोपं मानेशी कुजून आडवी होतात.

हे सगळं देवदारपुरतं. चीड या पाइनच्या झाडाच्या बीला गारव्याची गरज नाही, भिजवलं की पुरे. आणि पुण्यात रोप उगवेल, पण ते एप्रिल-मे काढेल याची खात्री मी देणार नाही.

बी ज्याच्याकडून घेतलंत त्याला आधी विचारा, ते कुठे ठेवलं होतं. उबेत पडलेलं असेल तर फ्रिज ते जिवंत करणार नाही. तो "बीजच तसं होतं" म्हणाला तर ऐकून घेऊ नका.