फ्रँक विल्सनची ४० पौंडांची रेकॉर्ड: लेबल नंतर बघा, आधी रन-आउट वाचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लीड्सला येऊन वर्ष झालं, सोल म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय गायकांच्या संगीताची गोडी लागली आणि मागच्या रविवारी एका रेकॉर्ड फेअरमध्ये फ्रँक विल्सनची 'डू आय लव्ह यू (इनडीड आय डू)' ४० पौंडांना मिळाली. लेबल 'सोल' कंपनीचं आहे आणि विकणारा म्हणाला, "ओरिजिनल असू शकते." ती खरी आहे का, नसेल तर संग्रहाला सुरुवात कशी करायची, आणि जुनी पोस्टरं-बॅज घ्यावेत का?

पहिल्याचं उत्तर सरळ देते. ती ओरिजिनल नाही. फोटो न बघता एवढ्या खात्रीने सांगते आहे, कारण या एका रेकॉर्डची कुंडली आमच्या छंदात सगळ्यांना पाठ असते.

हे गाणं १९६५ सालचं. 'सोल' हे डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीचंच एक उपलेबल. रेडिओवाल्यांना पाठवायला साधारण २५० डेमो प्रती काढल्या गेल्या असं मानलं जातं. पण विल्सन पुढे गायक म्हणून नाही, तर गीतकार आणि निर्माता म्हणून मोटाउनमध्ये राहिले. रेकॉर्ड बाजारात आलीच नाही आणि डेमो प्रती जवळपास सगळ्या नष्ट केल्या गेल्या. कितीतरी वर्षं दोनच शिल्लक प्रती ठाऊक होत्या. त्यातली एक २००९ मध्ये २५,७४२ पौंडांना विकली गेली. १९७९ मध्ये इंग्लंडमध्ये टॅमला मोटाउनने, म्हणजे मोटाउनच्याच तिथल्या लेबलने, हे गाणं अधिकृतपणे काढलं. त्या प्रतीवर लेबल टॅमला मोटाउनचं आहे, 'सोल'चं नाही. म्हणजे 'सोल'चं लेबल लावलेली आणि ४० पौंडांना टेबलावर पडलेली प्रत ही नंतर कुणीतरी काढलेली नक्कल. विकणाऱ्याने "असू शकते" म्हटलं, "आहे" म्हटलं नाही. हा शब्दांचा खेळ पुढेही बऱ्याचदा कानावर येईल, तेव्हा तो ओळखायला शिका.

पण ती रेकॉर्ड फेकू नका. गाणं तेच आहे आणि ते घरात मोठ्या आवाजात लावण्यासारखं आहे.

आता हे सगळं इंग्लंडच्या उत्तर भागात का घडलं ते समजून घ्या, कारण किंमती तिथूनच ठरतात. १९६०च्या दशकात डेट्रॉइट, शिकागो, लॉस एंजेलिसमध्ये छोट्या छोट्या कंपन्या मोटाउनसारखा ठेका धरून रेकॉर्डी काढत होत्या. काहीशे प्रती काढायच्या, दोन-चार रेडिओ स्टेशनांना द्यायच्या, गाणं चाललं नाही की उरलेला माल गोदामात. पुढे अमेरिका फंक या नव्या, वेगळ्या ठेक्याच्या संगीताकडे वळली. मँचेस्टर, स्टोक, ब्लॅकपूल, विगन इथल्या नाचणाऱ्या पोरांना मात्र तो जुना वेगवान ठेकाच हवा होता. आपल्या लंडनच्या रेकॉर्ड-दुकानात येणारी उत्तरेकडची गिऱ्हाइकं नवं काही मागत नाहीत, हे दुकानदार डेव्ह गॉडिन यांच्या लक्षात आलं आणि 'नॉर्दर्न सोल' हे नाव त्यांनी दिलं. विगन कॅसिनो हा या नाचाचा क्लब १९७३ ते १९८१ चालला. रात्रभर नाच, दारू नाही, पाय सरकावेत म्हणून लाकडी फरशीवर टाल्कम पावडर. नवी गाणी तयार होत नव्हती, तेव्हा नवं म्हणजे न सापडलेलं जुनं. त्यासाठी लोक विमानाने अमेरिकेला जाऊन गोदामं उपसत. ग्लोरिया जोन्सचं 'टेंटेड लव्ह' असंच तिकडून आलं. मूळ रेकॉर्डवर ते मागच्या बाजूला होतं.

डीजेंच्या हातात एखादी दुर्मीळ रेकॉर्ड आली की ते लेबलावर कागद चिकटवत आणि गायकाचं खोटं नाव सांगत, म्हणजे दुसऱ्याला ती शोधता येऊ नये. याला 'कव्हर-अप' म्हणतात. विल्सनचं गाणंसुद्धा आधी 'एडी फॉस्टर' या नावाने वाजत होतं. गाणं गाजायचं, प्रत मिळायची नाही, मग चोरून छापणाऱ्यांचं फावायचं. म्हणूनच १९७०च्या दशकातल्या नकला आज स्वतःच पन्नास वर्षांच्या जुन्या झाल्या आहेत. कागद पिवळा पडलाय, कडा झिजल्यात. नुसतं जुनेपण बघून कधीही निर्णय घेऊ नका.

मग बघायचं काय? रन-आउट. गाणं संपल्यावर लेबलाच्या आधी जी गुळगुळीत पट्टी उरते ती. तिच्यावर मॅट्रिक्स क्रमांक, म्हणजे रेकॉर्डीचा ओळख-क्रमांक असतो आणि रेकॉर्ड जिथे कोरली किंवा छापली तिथल्या खुणा असतात. दिवा डोक्यावरून नको, बाजूने तिरपा धरा आणि दहापट भिंग लावा. हाताने कोरलेलं आणि ठशाने उमटवलेलं यातला फरक लगेच दिसतो. लॉस एंजेलिसच्या मोनार्क कारखान्याच्या रेकॉर्डीवर त्रिकोण आणि त्यापुढे एक आकडा असतो. मोटाउनचा बराच माल मिशिगनमधल्या ओवोसो गावच्या कारखान्यात छापला जाई. तो कारखाना १९७२ मध्ये जळाला, त्यामुळे त्याची खूण असलेली प्रत त्यानंतरची असूच शकत नाही. लेबल कुणीही छापून घेतं. रन-आउटची नक्कल करणं मात्र कटकटीचं काम, आणि बहुतेक नकलाकार त्या फंदात पडत नाहीत.

दुसरी गोष्ट, रेकॉर्ड कशाची आहे ते बघा. अमेरिकेतल्या बऱ्याच फॉर्टी-फाइव्ह (मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या छोट्या रेकॉर्डी) विनाइलच्या नसून स्टायरीन या दुसऱ्या प्लास्टिकच्या असतात. स्टायरीन हलकं आणि कडक. कडेला धरून नखाने टिचकी मारलीत तर विनाइल बद्द वाजतं, स्टायरीन टणक. लेबलाची कड बघा. विनाइलमध्ये कागद रेकॉर्डीतच दाबलेला असतो, स्टायरीनवर बहुधा वरून चिकटवलेला दिसतो. मूळ प्रत फक्त स्टायरीनवर निघाली हे माहीत असेल आणि तुमच्या हातात विनाइल आलं, तर पुढे बघायची गरजच नाही. स्टायरीन लवकर झिजतं. वरून चकचकीत दिसेल, पण सुई ठेवली की गाण्याखाली सतत खरखर. म्हणून वाजवून बघितल्याशिवाय मोठी रक्कम देऊ नका. आणि अल्कोहोल असलेल्या द्रावणाने ती पुसू नका. आपल्याकडच्या नाट्यसंगीताच्या जुन्या ७८च्या तबकड्यांनाही हाच नियम लागू आहे, कारण त्या लाखेच्या आहेत आणि अल्कोहोलने लाख विरघळते.

माझे हात पोळले ती गोष्ट सांगते. बोल्टनला येऊन मला तीनेक वर्षं झाली होती. डेट्रॉइटच्या एका छोट्या लेबलाची रेकॉर्ड एका विक्रेत्याने १८० पौंडांना दिली. लेबलावर निळ्या शाईत कुणाची तरी आद्याक्षरं होती आणि मला त्याचंच अप्रूप वाटलं. वाटलं, साठच्या दशकातल्या कुणा मुलीने पार्टीला नेताना आपली ओळख म्हणून लिहिली असतील. आठवडाभराने टेबलावरच्या दिव्याखाली ती अक्षरं तिरकी धरून पाहिली. पेनाने लिहिलं की कागद किंचित खोल जातो, शाई थोडी चकाकते. इथे काहीच नाही. बोट फिरवलं तर सपाट. भिंग लावलं तेव्हा त्या निळ्या रेघा बारीक ठिपक्यांच्या बनलेल्या दिसल्या. नक्कल करणाऱ्याने कुणाच्या तरी खऱ्या प्रतीचा फोटो काढून लेबल छापलं होतं आणि त्या मुलीची आद्याक्षरंही त्यात छापली गेली होती. रन-आउट पूर्ण कोरा. विक्रेत्याने पैसे परत द्यायला नकार दिला. पैशांचं दुःख ओसरलं, पण ती खरी प्रत कुठे असेल हा विचार अजून मनातून जात नाही.

सुरुवात कशी करायची याबद्दल माझं ठाम मत आहे: आधी गाणं निवडा, मग आपल्याला परवडेल ती त्याची प्रामाणिक प्रत. डॅरेल बँक्सचं 'ओपन द डोअर टू युवर हार्ट' घ्या. १९६६ मध्ये अमेरिकेत रेव्हिलॉट लेबलावर ते गाजलं, त्यामुळे ती अमेरिकन प्रत आजही सामान्य माणसाच्या आवाक्यात आहे. इंग्लंडमध्ये 'लंडन' नावाच्या लेबलने ते छापलं, पण हक्क 'स्टेटसाइड' या दुसऱ्या लेबलकडे गेले आणि लंडनची आवृत्ती मागे घेतली गेली. त्या लंडन लेबलची एक प्रत पुढे १४,००० पौंडांहून जास्त किमतीला गेली. आवाज तोच, वाद्यवृंद तोच. फरक फक्त लेबलाच्या कागदाचा. तो कागद हवासा वाटण्यात गैर काही नाही, मलाही वाटतो, पण पहिल्या वर्षी त्याच्या मागे लागू नका.

केंट लेबलची अधिकृत पुनर्मुद्रणं जरूर घ्या. ती मूळ टेपवरून, रीतसर हक्क घेऊन निघतात. चोरट्या नकलेतून गायकाला एक पैही मिळत नाही. यातल्या कित्येक गायकांनी ऐन तारुण्यात एक-दोन गाणी गायली, हातात काही पडलं नाही म्हणून नोकऱ्या धरल्या, आणि आपल्या गाण्यावर इंग्लंडमध्ये हजारो लोक नाचतात हे त्यांना कित्येक वर्षांनी कळलं. म्हणून नकला विकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

प्रतीच्या दर्जाची अक्षरं नीट समजून घ्या. 'व्हीजी' म्हणजे 'व्हेरी गुड' असलं तरी व्यवहारात ती बऱ्यापैकी झिजलेली प्रत असते. खर्च करायचा असेल तर 'व्हीजी प्लस'च्या खाली उतरू नका. आधीच्या विक्रीच्या किमती डिस्कॉग्ज या रेकॉर्डींच्या वेबसाइटवर दिसतात. त्यातली सगळ्यात मोठी धरू नका, मधली धरा. लेबलाला पाडलेलं भोक किंवा लेबलावरचं लिखाण यामुळे किंमत उतरते, आवाज बिघडत नाही. नव्या माणसाला परवडणारी उत्तम प्रत बहुतेक वेळा अशीच मिळते.

पोस्टरं आणि बॅज यांत मी फार खोल नाही. बॉल्टिमोरच्या ग्लोब कंपनीची झगमगत्या रंगांतली पुठ्ठ्यावरची जाहिरात-पोस्टरं सुंदर असतात, पण नकला भरपूर आहेत. जुन्या खिळे-छपाईत अक्षर पुठ्ठ्यात किंचित रुतलेलं असतं. नकलेत ते सपाट असतं आणि भिंगाखाली ठिपके दिसतात. माझ्या निळ्या शाईसारखेच. विगन कॅसिनोची सभासद कार्डं आणि 'कीप द फेथ' हे नॉर्दर्न सोलचं घोषवाक्य लिहिलेले मुठीचे कापडी बिल्ले यांतले बिल्ले आजही नवे शिवून मिळतात, तेव्हा जुने म्हणून जास्त पैसे देऊ नका. लंडनच्या '१०० क्लब' नावाच्या क्लबमध्ये वर्धापनदिनाच्या रात्री येणाऱ्यांना खास छापलेली रेकॉर्ड देतात. ती मिळवायचा सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे त्या रात्री तिथे जाऊन नाचणं.

आता एवढं करा. तुमच्या प्रतीच्या दोन्ही बाजूंच्या रन-आउटचे फोटो तिरप्या उजेडात काढून इथे टाका, शक्यतो अक्षर वाचता येईल इतक्या जवळून, आणि टिचकी मारल्यावर आवाज कसा येतो तेही लिहा. नक्कल कोणत्या काळातली आहे ते बहुधा सांगता येईल.