हाड जुळलं, मग पाय का सुजतो?

प्रश्न : डॉक्टर ताई, चार वर्षांपूर्वी राजवाड्याजवळ स्कूटर घसरली आणि डाव्या नडगीचं हाड मोडलं, बरेच दिवस प्लास्टर होतं. एक्स-रे आता एकदम नीट आहे. पण दिवसभर दुकानात उभी असते ना, संध्याकाळी तोच पाय सुजून जड होतो आणि घोट्याच्या आतल्या बाजूला कातडी काळपट झालीय, खाजही येते. शेजारच्या मावशी म्हणतात तेल लावून जोरात मालिश कर, मेडिकलवाल्यानं लघवीची गोळी दिलीय. काय करू?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : काकू, मालिश सध्या नको आणि ती गोळीही नको, शिरेच्या सुजेवर तिचा उपयोग होत नाही (बीपीसाठी आधीपासून चालू असेल तर मात्र स्वतःहून बंद करू नका). प्लास्टरमध्ये पाय हलत नाही, मग आतल्या मोठ्या शिरेत रक्ताची गाठ होऊ शकते आणि कितीदा ती कळतच नाही, कारण सूज, दुखणं सगळं फ्रॅक्चरच्या नावावर जातं. गाठ विरते, पण शिरेतल्या झडपा खराब करून जाते. मग उभं राहिलं की रक्त खालीच साचतं, दाब वाढून बारीक नसांतून झिरपतं आणि त्यातल्या लोहानं कातडी काळी पडते. तिथे खाजवू नका हो, त्या जागी जखम झाली तर भरायला महिने लागतात. साधं मॉइश्चरायझर लावा.

आधी पायाच्या शिरांची कलर डॉपलर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करा. नुसतं गाठ आहे का एवढंच नाही, उभं करून रक्त उलटं वाहतं का तेही बघायला सांगा. धमन्या ठीक असतील, हे शुगर असलेल्यांनी तर तपासायलाच हवं, तर डॉक्टर गुडघ्यापर्यंतचे दाबाचे मोजे देतील, बहुतेक २० ते ३० मिमी पाऱ्याच्या दाबाचे. माप सकाळी सूज नसताना द्यायचं, पलंगावरून उतरायच्या आधी घालायचे, रात्री काढायचे. मे महिन्यात ते नकोसे होतात, मला माहितीय, तरी घालाच, आणि साधारण सहा महिन्यांनी ढिले पडले की नवे घ्या.

पोटरी हाच शिरांचा पंप आहे, म्हणून काउंटरमागे टाचा वर-खाली करत राहा, जमेल तेव्हा दोन पावलं चाला, घरी पाय छातीपेक्षा उंच ठेवून पडा.

पाय अचानक खूप सुजून दुखला, दम लागला किंवा छातीत दुखलं तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, सरळ इमर्जन्सीत जा.