तैलरंगात भुसा, वाळू, अंड्याची टरफलं मिसळली तर चित्र टिकतं का?

टिकतं, पण शक्यतो हे सगळं रंगात कालवू नका, रंगाच्या खाली लावा. एक चित्र वाया घालवून मी हे शिकले.

अमूर्त चित्र होतं आणि मला झाडाच्या सालीसारखा खडबडीत पोत हवा होता. लाकडाचा भुसा थेट तैलरंगात कालवून पेंटिंग नाइफने (रंग थापायच्या पातळ पात्याने) थापला. त्या दिवशी काय देखणं दिसत होतं! दोन महिन्यांत सगळी चमक गेली आणि बोट फिरवलं की भुकटी पडायला लागली. तैलरंग पाणी उडून वाळत नाही. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं आणि तेच रंगकणांना धरून ठेवतं. माझ्या भुशाने ते तेलच पिऊन टाकलं होतं.

वाळू तेल पीत नाही. म्हणून फ्रेंच चित्रकार जॉर्ज ब्राकने १९१२ च्या सुमारास ती रंगात मिसळली, ते जमलं. फक्त समुद्राची वाळू असेल तर गोड्या पाण्यात पाच-सहा वेळा धुवा, नाहीतर मीठ ओल ओढत राहतं.

आता मी ताणलेल्या कॅनव्हासऐवजी लाकडी फळी घेते, कारण कॅनव्हास हलतो आणि जाड थर तडकतो. फळीवर अ‍ॅक्रिलिक जेलमध्ये (पाण्यात मिसळणाऱ्या, गोंदासारख्या घट्ट माध्यमात) टरफलं चिकटवायची, खडखडीत सुकू द्यायची, मग वरून तैलरंग. उलट क्रम, म्हणजे तेलावर अ‍ॅक्रिलिक, नकोच, पापुद्रे सुटतात.

टरफलं उकळून आतला पातळ पापुद्रा सोलून काढा, नाहीतर वास येतो. उताणा लावलेला तुकडा वाटीसारखा रंग साठवतो, पालथा लावला तर पाठीवर उजेड घेतो. दोन्ही मिसळून लावा. गडद रंग पातळ करून सगळीकडे फिरवा आणि लगेच फडक्याने पुसा: भेगांत रंग राहतो, उंचवटे उघडे पडतात. मला तर या पुसण्यातच खरी मजा येते.

ओली पानं मात्र नकोत. जर्मन चित्रकार अँझेल्म कीफरने ‘मार्गारेटे’ या चित्रात (१९८१) गवताच्या काड्या लावल्यात, पण त्या वाळलेल्या. पान आवडलंच तर ओल्या जेलवर दाबून ठसा घ्या आणि काढून टाका.

आणि ते तेलकट फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल घट्ट होताना तापतं, बोळा आपोआप पेटू शकतो. मोकळ्या हवेत पसरून वाळवा.