मैफलीचा फोटो आणि ध्वनिमुद्रण : हक्क कोणाचा?

प्रश्न : एका मैफलीचे फोटो काढण्यासाठी आयोजकांनी मला मानधन दिलं. ध्वनिमुद्रण कोणी सांगितलं नव्हतं. गायिकेला विचारून माझ्याच रेकॉर्डरवर मी ते हौसेनं केलं आणि आयोजकांना ऐकायला पाठवलं. आता त्यांनी त्याचा अल्बम काढलाय, मुखपृष्ठावर माझाच फोटो. माझं नाव कुठेच नाही. करारही नाही. मी काय करू?

उत्तर : तुमचा राग रास्त आहे. फक्त फोटो आणि ध्वनिमुद्रण यांची गल्लत करू नका. कॉपीराइट कायदा, १९५७ दोन्हींना वेगळा नियम लावतो.

फोटोचे कर्ते तुम्हीच. पण मोबदला घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून फोटो काढला आणि वेगळा करार नसेल, तर कलम १७ प्रमाणे पहिला मालक मोबदला देणारा ठरतो. म्हणजे आयोजक तो मुखपृष्ठावर वापरू शकतात. नाव गाळण्याची मुभा मात्र त्यांना मिळत नाही. मालकी नसली तरी कर्ता म्हणून नाव मागण्याचा हक्क कलम ५७ नुसार तुमच्याकडेच राहतो.

ध्वनिमुद्रणात तुमची बाजू भक्कम आहे. तिथे कर्ता म्हणजे निर्माता, आणि निर्माता म्हणजे ज्यानं पुढाकार घेतला, जबाबदारी उचलली तो. नुसतं बटण दाबणारा नव्हे. आयोजकांनी तुम्हाला त्याच कामासाठी नेमलं असतं, तर उत्तर बदललं असतं. इथे यंत्र तुमचं, परवानगी तुम्ही मागितलेली. शिवाय कलम १७ मधली मोबदल्याची तरतूद फोटो, चित्र, चित्रपट यांच्यापुरती आहे. ध्वनिमुद्रणाचा त्यात उल्लेखच नाही. आणि ऐकायला पाठवलं म्हणजे हक्क दिला असं होत नाही. हक्क सोपवायचा तर कलम १९ प्रमाणे सहीचा लेख लागतो.

गायिकेला मात्र विसरू नका. रेकॉर्ड करायला त्या ‘हो’ म्हणाल्या, विकायला नव्हे. कलाकार म्हणून त्यांचे हक्क स्वतंत्र आहेत. त्यांच्या संमतीवाचून ते ध्वनिमुद्रण तुम्हालाही विकता येणार नाही. गीतकार-संगीतकारांचे हक्क असतील तर तेही वेगळेच. म्हणून आयोजकांना नोटीस पाठवण्याआधी गायिकेशी बोला. त्या सोबत आल्या तर आयोजकांना उत्तर देणं जड जाईल.

रेकॉर्डरचं कार्ड फॉरमॅट करू नका. मूळ फाइल, आयोजकांशी झालेलं चॅट, मानधनाची पावती, सगळं जपा. फाइलची प्रत कोर्टात द्यायची तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र, म्हणजे ती प्रत कोणत्या यंत्रावरून आणि कशी घेतली हे सांगणारा सहीचा दाखला, लागेल. कॉपीराइटची नोंदणी केली नसेल तरी बिघडत नाही. दावा तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या न्यायालयातही लावता येतो. मुदत साधारण तीन वर्षं.

नोटिशीत फोटोसाठी फक्त नाव मागा. ध्वनिमुद्रणासाठी विक्री थांबवा आणि आजवरच्या कमाईचा हिशेब द्या, असं स्पष्ट लिहा.