ट्रेक लीड करायला सांगतायत, पण माझा आवाज बारीक आहे. लोक ऐकतील का?

आवाजाचं सोडा. तुमची स्वतःची भूक, थंडी, चिडचिड तुम्हाला वेळेत कळते का, ते आधी बघा. लोक ऐकतील की नाही हा नंतरचा प्रश्न.

हा वाद माझ्या फार जवळचा आहे. आमच्या जुन्या ग्रुपमधले एक सीनियर कायम म्हणायचे, लीडरचा आवाज खिंडीपलीकडे पोचला पाहिजे. त्यांच्याच लीडखाली एका जुलैत आम्ही खिरेश्वरहून हरिश्चंद्रगडाला निघालो. मी टेलला, म्हणजे सगळ्यांच्या शेवटी होते. तोलार खिंडीच्या वरचा रेलिंगचा कातळ चढून आलो तर धुकं एवढं, की पुढच्याची फक्त सॅक दिसावी. तिथून देवळापर्यंत टेकड्यांमागून टेकड्या आणि सगळीकडे ढोरवाटा फुटलेल्या. हे गृहस्थ पहाटेच्या चहावर होते. गावात पोहे तयार असताना उशीर होतोय म्हणून सगळ्यांवर ओरडत सुटले, स्वतः एक घास खाल्ला नाही. आता वाऱ्यापावसात भिजून त्यांना विंडचीटरची चेन लावता येत नव्हती, शब्द अडखळत होते. मी म्हटलं, "दादा, पाच मिनिटं थांबू, काहीतरी खा." तर म्हणाले, "टेलने टेलचं काम करावं." आणि झपाझप चालणाऱ्या चार-पाच जणांना घेऊन धुक्यात दिसेनासे झाले.

माझ्याबरोबर गुडघा धरून चालणाऱ्या एक काकू आणि मागे पडलेली काही मुलं. माझीही छाती धडधडत होती, पुढच्यांच्या मागे पळत सुटावंसं वाटत होतं. मी आधी डोक्याला कोरडी टोपी घातली, चिक्की खाल्ली, पाणी प्यायले. मग सगळ्यांना खायला लावलं. वाट जिथे फुटत होती तिथेच बसलो. कुणीही जागा सोडायची नाही आणि थोड्या थोड्या वेळाने शिट्टी, एवढंच ठरवलं. बऱ्याच वेळाने पुढची मंडळी भलतीकडे भरकटून शिट्टीच्या रोखाने परत आली, आणि तिथूनच आम्ही सगळे मागे फिरलो. गावात जेवताना त्यांनी मला सगळ्यांसमोर ऐकवलं, "तुझ्यात धडाडी नाही, तू लीडर होणार नाहीस."

धुक्यात वाट कुणाचीही चुकते, त्याबद्दल मी त्यांना कधीच बोलले नाही. पण गारठलेल्या, उपाशी माणसाची आधी विचारशक्ती मंदावते, तो चिडतो, बोटं आणि जीभ साथ देत नाहीत, आणि हे त्याचं त्यालाच उमगत नाही. म्हणून नियम घरूनच बांधून न्यायचे. भूक लागो न लागो, ठरल्या वेळी खायचं. बोलता येईल एवढ्याच वेगाने चालायचं. मागे फिरायची वेळ पायथ्याला ठरवायची; वर गेल्यावर माथा समोर दिसत असताना ती ठरवता येत नाही.

जमलं तर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा २८ दिवसांचा बेसिक कोर्स करा. दोर, गाठी शिकालच, पण आपलं ओझं आपण वाहायची आणि दमलेलं असतानाही पहाटे वेळेत तयार व्हायची जी सवय लागते, ती पुढे जास्त कामाला येते. तोवर निदान एक मोसम टेलला राहा. दमलेली माणसं कशी वागतात ते टेललाच दिसतं.

आवाज अगदीच नको असंही नाही. दगड सुटला तर जिवाच्या आकांताने ओरडावंच लागतं. आणि मी हे सह्याद्रीपुरतं बोलतेय, हिमालयात उंचीचे त्रास वेगळे, तिथे एवढ्यावर भागत नाही.

पहिलं लीड पावसाळा सोडून, हरिश्चंद्रगडाच्या पाचनईसारख्या सोप्या वाटेने आणि ओळखीच्या माणसांबरोबर घ्या. टेलला असा कुणीतरी ठेवा जो तुम्हाला तोंडावर "थांबा" म्हणू शकेल, मग तो वयाने, अनुभवाने कितीही लहान असो. त्याने म्हटलं की थांबायचं. तिथे वाद घालायचा नाही, तो खाली गावात आल्यावर घाला.