आजोबांची राजदूत भंगारात देऊ नको, पण रोज चालवूही नको

भाऊ, तुझा प्रश्न दोनदा वाचला. आजोबांची १९७८ ची राजदूत मोटरसायकल दारव्ह्याजवळच्या गावी गोठ्यात चौदा वर्षांपासून उभी आहे. भंगारवाला अडीच हजार देतो म्हणतो, आणि शहरातला एक जण 'शोरूमसारखी' करून द्यायचे पंचाहत्तर हजार मागतो. आई अंगणवाडीत आहे, तिची रोजची ये-जा चोवीस किलोमीटर, तिच्यासाठीही गाडी घ्यायची आहे. आणि जाता जाता विचारलंस की जुन्या गाड्यांत जो दम होता तो आताच्या प्लास्टिकच्या गाड्यांत नाही, हे खरं का.

या जाता जाता विचारलेल्यावरच जास्त लिहिणार आहे, कारण माझी स्वतःची हयात फटफटीवर गेली. आधी बाबांची राजदूत, मग हीरो होंडाची सीडी १००, मधे काही वर्षं मेव्हण्याची येझदी, आणि आता मुलाची स्कूटर.

दम होता, हे खरं. त्याचं कारणही सरळ आहे. राजदूतचं इंजिन १७३ सीसीचं, टू-स्ट्रोक. पोलंडच्या एसएचएल एम-११ वरून ही गाडी घेतली आणि एस्कॉर्ट्सनं इथे बनवली. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या दांड्याच्या, प्रत्येक फेऱ्याला एकदा स्फोट होतो, फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांना एकदा. म्हणून सीसी सारखा असला तरी ओढ वेगळी. १९८५ साली दोन गाड्या आल्या, हीरो होंडा सीडी १०० आणि यामाहा आरएक्स १००. दोन्हींचं इंजिन शंभर सीसीच्या आतलं. पण आरएक्सला अकरा हॉर्सपॉवर, सीडीला सात-साडेसात. आमच्या गावचे पोट्टे आरएक्ससाठी जीव टाकायचे ते याच्यामुळे.

पण त्याच टू-स्ट्रोकमध्ये जळालेला धूर बाहेर जायची आणि नवं पेट्रोल आत यायची वाट थोडा वेळ एकदमच उघडी असते. ताज्या पेट्रोलचा काही भाग न जळताच सायलेन्सरमधून निघून जातो. आज ज्या वासाला आपण 'आठवण' म्हणून राहिलो, तो वास म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळायचं ते जळालेलं टू-टी ऑइल आणि वाया गेलेले आपल्याच खिशातले पैसे. कास्तकाराला हे कळायला वेळ लागला नाही. सीडी आली, तिनं एका लिटरमध्ये दारव्हा-यवतमाळ करून परत आणून सोडलं, आणि गावातल्या राजदूती एकेक करून गोठ्यात गेल्या.

आणि एक गंमत सांगतो. ज्या स्प्लेंडरला आज लोक 'नव्या जमान्याची गाडी' म्हणून नाक मुरडतात, तिचं ९७.२ सीसीचं इंजिन त्या सीडीच्याच घराण्यातलं आहे. म्हणजे गावात रोज सकाळी दुधाच्या कॅना घेऊन जाणाऱ्या अर्ध्या गाड्या आतून १९८५ च्याच आहेत. वरचं प्लास्टिक तेवढं बदललं.

मग आपल्याला नेमकं काय आठवतं? मला विचारशील तर गाडी आपल्या हातात होती, ते आठवतं. आमच्या गावात निंबाखाली एक मिस्त्री बसायचे. दुकान नाही, बोर्ड नाही, एक लाकडी पेटी आणि बसायला पोतं. राजदूत मिसफायर करू लागली की ते आधी हात लावायचे नाहीत, डोकं वाकडं करून आवाज ऐकायचे. मग म्हणायचे, "पॉइंट धरून रायला." मॅग्नेटोचं, म्हणजे प्लगला ठिणगी देणाऱ्या भागाचं, झाकण काढायचं, कॉन्टॅक्ट पॉइंटच्या दोन टिकल्या काळ्या पडलेल्या असायच्या, त्यावरून काडेपेटीची घासायची बाजू अलगद फिरवायची. गॅप बघायला फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पट्टी, होती कुठं? सिगारेटच्या पाकिटाच्या पुठ्ठ्याचा तुकडा दोन टिकल्यांमध्ये सरकवायचा, अडकता अडकता गेला की स्क्रू आवळायचा. गेजनं मोजला असता तर ०.४ मिलिमीटरच्या जवळपास निघाला असता. तीन किकांत गाडी सुरू. घेतले किती? एक चहा. तो पुठ्ठा मग माझ्याही खिशात राहू लागला. सतराव्या वर्षी मला पॉइंट सेट करता यायचा, आणि त्या दिवशी बाबांनी पहिल्यांदा गाडीची चाबी स्वतःहून माझ्या हातात दिली.

बुलेटवाल्यांचं वेगळंच. गिअर उजवीकडे, ब्रेक डावीकडे, इंजिनातला दाब सोडायचा डिकॉम्प्रेशनचा खटका दाबून अँपिअरचा काटा मधोमध आणायचा आणि मगच किक मारायची. घाई केली की किक उलटी यायची. आमच्या मामाचा घोटा तिनंच सुजवला, तरी बाहेर सांगताना "धुऱ्यावर पाय मुरगळला" म्हणायचे. डिझेल बुलेटही होती आमच्या भागात, ३२५ सीसी, ट्रॅक्टरच्या डब्यातलंच डिझेल टाकायचं. तिच्यावरून उतरलं की अर्धा तास हात थरथरत राहायचे, पण मायलेजपुढे कोण बोलणार. येझदीत किक आणि गिअर एकाच दांडीवर. नवख्याला गाडी दिली तर तो गिअर शोधत शोधत अर्धं गाव फिरून यायचा.

आता दुसरी बाजू, जी जुन्या गाड्यांचे फोटो टाकणारे कधी लिहीत नाहीत.

१९८७ चा श्रावण. मोठा पोरगा दीड वर्षाचा, रात्री अकराला ताप डोक्यात चढला, डोळे फिरवू लागला. दवाखाना नऊ किलोमीटर. मी राजदूत काढली. चूक माझीच होती: मिस्त्री सांगायचे लिटरला पन्नास मिली ऑइल, म्हणजे विसास एक, आणि मी अंदाजानं डबल ओतलं होतं, जास्त तेल म्हणजे इंजिन सुखात, अशी माझी अक्कल. गाव सोडून दीड किलोमीटरवर नाल्याजवळ प्लगवर कार्बन बसला आणि गाडी बंद. पाऊस. टॉर्च हाती नाही. प्लग काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, काडी ओढून तापवायला गेलो तर काड्या ओल्या. बायको पोराला पदराखाली घेऊन उभी. ती एक शब्द बोलली नाही, तेच जास्त लागलं. शेवटी मी हँडल धरलं आणि तिनं, एका हातानं पोर सांभाळत, दुसऱ्या हातानं मागून धक्का मारला. गावात परत आलो तेव्हा शेजाऱ्यांनी आपली सीडी काढून दिली. पोरगा वाचला, आता पुण्यात आहे. दोन वर्षांनी पऱ्हाटीचे, म्हणजे कापसाचे, पैसे आले तसा मी सीडीचा नंबर लावला.

परवा मी घरात जुन्या राजदूतची तारीफ करू लागलो तर बायको तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "तुमच्या थ्या फटफटीनं मले जितकं पायी चालवलं, तितकं तर बंडी मोडल्यावरही नाई चाललो आमी."

हे तिचं वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. जुन्या गाड्यांची ओढ ही गड्यांची ओढ आहे रे. राजदूत चालवणारी बाई मी आमच्या तालुक्यात पाहिली नाही. बाई मागे एका बाजूला बसायची, आणि गाडी बंद पडली की उतरून धक्का मारायची. १९७२ ची लुना आली तेव्हा एखाद्या मास्तरीणबाई तीवर दिसू लागल्या. मग किनेटिक होंडा, स्कूटी. २००१ च्या सुमारास ॲक्टिव्हा निघाली, आणि हळूहळू गावाकडे चित्रच पालटलं. आशाताई, नर्सबाई, बारावीच्या पोरी, तुझी आई. बटन दाबलं की गाडी सुरू. कोणाला 'किक मारून देता का' म्हणायची गरज नाही. या गाड्यांना दम नाही म्हणणाऱ्यानं आधी त्यांना विचारावं.

तरी नव्या गाड्यांवर माझा राग आहेच. काळ्या मातीत चालायला त्या बनवलेल्याच नाहीत. पांदण रस्त्यावर पहिला पाऊस पडला की मडगार्ड आणि टायरच्या मधे चिखल असा भरतो की पुढचं चाक फिरत नाही, घसरतं. खरं म्हणजे राजदूतचंही व्हायचं, पण तिच्यात तुराटी घालून चिखल ओढून काढायला जागा होती. आताच्या प्लास्टिकच्या मडगार्डमध्ये तुराटी घातली तर मडगार्डच तुटून हातात येतं. स्कूटरची लहान चाकं तर धुऱ्यापर्यंतही पोचत नाहीत. दुसरं म्हणजे २०२० पासून धुराचा नवा नियम बीएस-६ आला, कार्बुरेटर गेला, फ्युएल इंजेक्शन आलं. गाडी छान चालते, थंडीत चोक ओढावा लागत नाही. पण सेन्सर गेला की निंबाखालचा मिस्त्री फक्त बघत राहतो. गेल्या वर्षी मुलाच्या गाडीत दिवा पेटला, गाडी छोटा हत्तीत टाकून जिल्ह्याला नेली, लॅपटॉप जोडला, दिवा विझवला, साडेआठशे रुपये. काय झालं होतं ते तिथल्या लॅपटॉपवाल्या पोट्ट्यालाही सांगता आलं नाही.

आता तुझ्या राजदूतकडे येतो.

पहिलं, कागद. आरसी बुक शोध. आजोबा गेले असतील तर गाडी वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ लागतो. नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी गाडी दाखवून वाढवावी लागते. तुझी कितीदा चुकली ते आरटीओत जाऊन बघ आणि दंडासकट हिशोब विचार. बुक सापडत नसेल आणि चेसिस नंबर घासला गेला असेल, तर एक रुपयाही इंजिनात घालू नको. २०२१ च्या केंद्राच्या नियमानुसार पन्नास वर्षं पूर्ण झालेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. तुझी २०२८ ला तिथं पोचते. पण त्यात अट आहे: मूळ सांगाडा आणि इंजिन मोठी फेरफार न करता राहिलेलं पाहिजे, आणि अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. जुनी नोंदणी असेल तर तो तीन अक्षरांचा जुना नंबरही तसाच राहतो. तो नंबर मला रंगापेक्षा मोलाचा वाटतो.

म्हणून त्या पंचाहत्तर हजारवाल्याला नमस्कार कर. तो टाकीला चमकता रंग मारील, एलईडी लावील, जाड टायर चढवील, आणि आजोबांच्या मांडीनं टाकीवर घासून गेलेला तो भाग कायमचा झाकून टाकील. मी एकाला माझी गाडी अशीच दिली होती. परत आली ती लग्नातल्या घोड्यासारखी सजून, आणि कार्बुरेटर दुसऱ्याच गाडीचा. मूळचा कुठे गेला, आजपर्यंत पत्ता नाही.

चालू करण्यापुरतं काम कर. चौदा वर्षं उभी आहे तर आधी किक मारायची नाही, हे आधी लिहून ठेव. प्लग काढ, त्या छिद्रातून दोन-तीन चमचे इंजिन ऑइल सोड, दोन दिवस तसंच राहू दे. मग इंजिन हातानं हळू फिरवून बघ. फिरलं तर नशीब. नाही फिरलं तर पिस्टनची रिंग सिलेंडरला धरली आहे. हातोडी घेऊ नको, हेड उघडू दे. टाकीतलं जुनं पेट्रोल काढ, आत मूठभर नट टाकून डिझेल घाल आणि टाकी पोरासारखी हलव, गंज निघतो. कार्बुरेटर उघडून जेट बारीक तारेनं नाही, हवेनं साफ कर. तारेनं छिद्र मोठं होतं. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते जुन्या रबराला खातं आणि हवेतलं पाणी ओढतं. म्हणून नळी आणि नळाचे वायसर नवे टाक, आणि गाडी चालवून झाली की टाकी भरून ठेवायची नाही, रिकामी करायची.

चालू झाल्यावर दोन गोष्टी. आपल्याकडच्या मे महिन्यात, पंचेचाळीस डिग्रीत, दुपारी पळवू नको. ॲल्युमिनियमचा पिस्टन लोखंडी सिलेंडरपेक्षा जास्त फुगतो आणि गाडी चालता चालता जाम होते, मागचं चाक एकदम लॉक. आणि चिखलदऱ्याहून परतवाड्याला उतरताना गिअरमध्ये ठेवून थ्रॉटल पूर्ण बंद करून गाडी सोडू नको. पेट्रोलबरोबरच ऑइल येतं. पेट्रोल बंद म्हणजे तेलही बंद. मधे मधे थ्रॉटल देत उतरायचं. बाबांनी शिकवलेलं आहे हे, पुस्तकातलं नाही.

पोळ्याला, अक्षय तृतीयेला, कोणाचं लग्न असेल तेव्हा काढ. महिन्यातून एकदा बाजारापर्यंत. रोज नाही.

आईसाठी इलेक्ट्रिक घ्यायला माझी हरकत नाही. रोजचे चोवीस किलोमीटर म्हणजे आजची कोणतीही बरी स्कूटर एका चार्जवर दोन-तीन दिवस काढते, आणि बजाजनं तर २०२० मध्ये चेतकच इलेक्ट्रिक करून परत आणली. पण तीन गोष्टी बघ. सर्व्हिस सेंटर यवतमाळला आहे का, की नागपूरला पाठवावी लागेल. चार्जिंग रात्री करायचं, आणि तुमच्या गावाला रात्री लाइन किती तास राहते. आणि अंगणवाडीसमोर सावली आहे का, कारण बॅटरीला ऊन मानवत नाही. यातलं एकही जमत नसेल तर पेट्रोलचीच घे. आणि घेताना आईला सोबत ने. सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला टेकतात का, स्टँडवर चढवता येते का, ते तिनं बघावं, तू नाही.

टाकीच्या आतला एक फोटो आणि मॅग्नेटोचं झाकण काढून एक फोटो टाक, मग पुढचं सांगतो. आणि भंगारवाल्याला आजच नाही म्हणून ये. तुम्ही विचारात आहात असं त्याला वाटलं तर तो 'बघून जातो' म्हणत गोठ्यात शिरतो, आणि मॅग्नेटोच्या कॉइलचं तांबं आधी जातं.